सासूबाई, प्रथम वर्ष

धर्मशास्त्र विभागात मी लिपिक म्हणून लागलो तेव्हा चार प्राध्यापक होते. शेवटी उरलो फक्त सर आणि मी. आमचा मोठा वर्ग व्यवस्थापनवाल्यांनी नेला आणि आम्हाला जिन्याखालची खोली मिळाली. फळ्याजवळ उभं राहिलं की डोकं आपटायचं. सर बुटके म्हणून निभावलं.

प्रवेशाची मुदत संपत आली तेव्हा कुलसचिवांचं पत्र आलं. पाच विद्यार्थी नसतील तर विभाग बंद. आमच्याकडे चार होते, त्यातला एक धातुशास्त्र समजून अर्जावर भलतीकडेच खूण केलेला प्लंबर.

सरांनी बायकोला गळ घातली. ती म्हणाली, "वीस वर्षं फुकट ऐकतेय, आता नाव नोंदवून ऐकू?"

आतून सासूबाई म्हणाल्या, "मी येते. जावईबापू बाहेर काय बोलतात, बघू तरी."

सासूबाईंचं वय बहात्तर. जन्म टेलिफोन ऑफिसात गेलेला, त्यामुळे दुसऱ्याचं बोलणं मध्येच तोडायचा हात बसलेला. पहिल्याच दिवशी त्या पहिल्या बाकावरून म्हणाल्या, "देवाला सगळं ठाऊक असतं, मग प्रार्थनेत त्याला सांगायचं काय?"

"आई, तो भाग शेवटच्या सत्रात येतो."

"तोवर मी असेन याची खात्री नाही. आत्ताच सांगा."

सर टिपणं चाळू लागले. तेवढ्यात मागून प्लंबर म्हणाला, "गिऱ्हाईक फोनवर सगळं सांगतं, तरी घरी गेल्यावर मी विचारतोच, कुठे गळतंय? सांगून झालं की त्यालाच जरा बरं वाटतं."

सरांनी खिशातून वही काढली आणि ते वाक्य उतरवून घेतलं. इतक्या वर्षांत सर शिकवण्याऐवजी लिहून घेताना मी पहिल्यांदाच पाहिले.

परीक्षेत सासूबाईंनी सहा पुरवण्या लावल्या. सरांनी अठ्ठावीस गुण दिले. पास व्हायला पस्तीस लागत होते.

"उत्तर उत्तम होतं," सर मला म्हणाले, "पण विचारलेल्या प्रश्नाचं नव्हतं."

घरी अबोला सुरू झाला. "जावयांना सांग, मीठ तिकडे आहे," एवढंच काय ते लेकीमार्फत.

पुढच्या वर्षी एकही नवा अर्ज आला नाही. कुलसचिव टेप घेऊन खोली मोजायलाच आले. मी नियमांचं पुस्तक पुढे केलं: नापास विद्यार्थ्याला आणखी तीन संधी, आणि तोवर विभाग बंद करता येत नाही. बाकीचे चौघे पास होऊन बाहेर पडले होते, उरल्या होत्या सासूबाई. कुलसचिवांनी ते पान तीनदा वाचलं.

"या बाई पुढच्या खेपेला पास होतील ना?"

"अभ्यास केला तर," सर गंभीरपणे म्हणाले.

हे कानावर गेलं तशी सासूबाईंनी अबोला सोडला. "जावईबापू, तुमच्या विभागासाठी मी मुद्दाम नापास होणार नाही हं."

"मीही मुद्दाम करणार नाही, आई."

दोघांनी शब्द पाळला. त्या रोज पहाटे वाचायला बसायच्या, सर शंका सोडवायचे, आणि पाचव्या मिनिटाला दोघांचे आवाज चढायचे. या खेपेला त्यांना तेहतीस पडले. त्यांनी ताबडतोब फेरतपासणीचा अर्ज ठोकला.

फेरतपासणीला बाहेरचाच परीक्षक लागतो; सहा महिने झाले, मी तो शोधतोय. बारा विद्यापीठांना पत्रं धाडली. अजून तरी कुणाकडेच या विषयाचा माणूस निघालेला नाही.