बटणांची उंची

भिंतीपलीकडे छिन्नीचा पहिला घाव बसला आणि वाइंडिंगताईचा जप चुकला.

सकाळी दिव्याला हात जोडले की ती आपली चाकाची खुर्ची खिडकीपाशी घ्यायची, टेबलाला आवळलेल्या यंत्राचा दांडा धरायची आणि जळालेल्या पंख्यांच्या कॉइल नव्याने भरायला बसायची. तारेच्या एका वेढ्याला एकदा देवाचं नाव. तीनशे वेळा नाव झालं की कॉइल पुरी. यंत्राचा वेढे मोजणारा काटा केव्हाचाच बंद पडला होता, पण तिचं त्यावाचून कधी अडलं नाही. आज मात्र एकशे चाळीस झाले होते की एकशे पन्नास, काही केल्या आठवेना. तिने तार कापली, भरलेलं सगळं उसवलं आणि खुर्ची दाराकडे वळवली.

शेजारची खोली मास्तरांची. साखरेच्या दुखण्याने त्यांचे पाय आधी गेले, मागच्या महिन्यात मास्तरही गेले. दार सताड उघडं होतं. आत वायरमन उभा राहून खांद्याच्या उंचीवर भिंत फोडत होता. खाली, जिथे मास्तरांची विजेची बटणं होती, तिथे आ वासल्यासारखं भोक पडलं होतं.

"काय हो वायरमनभाऊ, भिंतीशी भांडण झालं का?"

"ताई, धूळ आहे. लांबच थांबा."

"बोर्ड वर का नेताय?"

"वायरिंग जुनं झालंय."

"मग वायर बदला की. बोर्डाला कशाला डोक्यावर चढवताय?"

एरवी असल्या बोलण्यावर खळखळून हसणारा माणूस, पण आज त्याने मानही वळवली नाही. "आम्हाला कागद येतो ताई. कागदावर असेल तेवढं करायचं."

ताई तिथेच थांबली. धूळ तिच्या मांडीवर बसत राहिली.

ही तळमजल्याची आठ घरं एका संस्थेने मुद्दाम बांधली होती, हातापायांनी अधू आणि मिळकतीने बेताच्या माणसांसाठी. भाडं ज्याच्या त्याच्या कमाईच्या मानाने, उरलेलं संस्था भरायची. दाराला उंबरा नाही, ओटा बसून हात पोचेल असा, आणि बटणं कमरेच्या उंचीवर. बारा वर्षांपूर्वी ती इथे आली, तेव्हा पहिल्या दिवशी तिने दिवा वीसदा तरी लावला होता आणि वीसदा मालवला होता.

त्याआधी ती दादाकडे राहायची. दादा-वहिनी वाईट नव्हते. पण बटणं उंच. संध्याकाळी अंधारून यायचं आणि ती हाक मारायची, "वहिनी, तेवढा लाइट लावता का?" आतून उत्तर यायचं, "आले हं वन्सं, एवढी भाजी टाकते नि येते." वहिनी यायचीही, भाजी टाकून, मुलांना जेवायला वाढून. तोवर ताई अंधारात बसून राहायची, हात मांडीवर ठेवून. पुन्हा हाक मारायची तिला लाज वाटायची. देवाचं नाव एवढं मनापासून तिने पुढे कधीच घेतलं नसेल.

पुढच्या आठवड्यात मास्तरांच्या घरातला ओटा उंच झाला. मग टोकाच्या घरातली आंधळी मावशी भाचीकडे गेली ती परत आली नाही, आणि तिच्या दाराला उंबरा बसला. दरवर्षी याच महिन्यात येणारं, घराचा करार वाढवल्याचं पत्र यंदा आलं नव्हतं. ताईने दोन दिवस वाट पाहिली आणि वसाहतीच्या कार्यालयात गेली.

"या, बसा बसा," तिथल्या मॅडम सवयीने म्हणाल्या.

"बसलेलीच असते मी. माझं पत्र आलं नाही, मॅडम."

"येईल. वरून यायचंय."

"मास्तरांच्या घरात कोण येणार?"

"अजून काही ठरलेलं नाही."

"ठरलं नाही, मग ओटा कुणाच्या मापाने उंच केला?"

मॅडमनी टेबलावरचे कागद सारखे केले. ते आधीच सारखे होते. मग फाइल उघडून अगदी गोड आवाजात विचारलं, "तुमच्या भावाचा पत्ता तोच आहे ना, पूर्वीचा?"

"त्याचा पत्ता कशाला लागतोय?"

"काही नाही हो. फाइल पुरी असलेली बरी."

परत येताना रस्ता तिला रोजच्यापेक्षा लांब वाटला. दाराला कुलूप लावलेलंच होतं. आत सगळं जागच्या जागी होतं. नुसता फरशीवर, भिंतीलगत, बुटाचा एक पांढरट ठसा होता.

दिवेलागणीला वायरमन पंखा घेऊन आला. "दोन-चार दिवसांनी दिला तरी चालेल, ताई."

"ठेवा टेबलावर."

खोलीत अंधारून आलं होतं. पंखा ठेवायला जागा दिसावी म्हणून त्याने चालता चालता डावा हात भिंतीकडे नेला. हात वर गेला, खांद्याच्या उंचीवर. तिथे बटण नव्हतं. पण हात असा सरळ गेला, जणू ती जागा त्याच्या ओळखीची होती. पुढच्याच क्षणी त्याने हात खाली घेतला आणि उगाच मान खाजवली.

ताईने वर पाहिलं. त्या जागी पेन्सिलीची एक बारीक फुली होती.



"दुपारी आला होतात," ती म्हणाली.

"नुसत्या खुणा करायला सांगितल्या होत्या. सगळ्याच घरांत." त्याचा आवाज खाली गेला. "किल्ली मॅडमनीच दिली."

"घर कधी सोडायचंय?"

"महिनाअखेरीस. मी तुम्हाला काही बोललो नाही हं ताई, माझीही नोकरी आहे."

"तुमचं नाव नाही घेणार मी."

आता एकमेकांचे चेहरेही दिसेनासे झाले होते. त्याने घसा खाकरला. "लाइट लावू का, ताई?"

"नको," ती म्हणाली. "मी लावते."

तिने चाकांवर हात ठेवले. खुर्ची हळूहळू भिंतीपर्यंत गेली. वायरमन बाजूला सरकला. कमरेच्या उंचीवरच्या बटणावर तिने बोट ठेवलं, क्षणभर तसंच ठेवलं, आणि दाबलं.

उजेड पडला. वरची फुली आता नीट दिसत होती. तिच्याकडे न बघता ताई टेबलाकडे वळली आणि पंख्याचे स्क्रू सोडवू लागली.