गव्हाच्या धसकटातला घरगुती आडोसा

मित्रांनो, नॉर्थ डकोटातल्या एका धान्यकोठाराच्या भिंतीला टेकून मी उभा आहे. मी शिकाऱ्यांनी लपून बसायचा आडोसा. दुकानातला नाही, घरी केलेला. वासरांच्या मोडक्या गोठ्याचे पाइप, खुराड्याची जाळी आणि बियाण्याची गोणपाटं यांतून माझा जन्म झाला, आणि त्याची मला अजिबात लाज वाटत नाही.

आमच्याकडे रानहंसांची शिकार आडवं पडून करतात. कापलेल्या गव्हाच्या शेतात एका बुटक्या पेटीत उताणं पडायचं आणि पक्षी उतरू लागले की झटकन उठून बसायचं. या कोठाराचे मालक ओर्विन त्वेत यांनी पन्नास वर्षं हेच केलं. मग त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. दोन हंगाम ते खिडकीतून हंसांच्या रांगा बघत राहिले. तिसऱ्या वर्षी मुलीला म्हणाले, "मार्लिस, बंदूक तू घेऊन जा. मी आता आडवा झालो, तर उठवायला ट्रॅक्टर लागेल."

मार्लिस शाळेची बस चालवते. तिनं बंदूक घेतली नाही, वडिलांच्या खुर्चीची उंची मोजली. तेवढ्या मापाच्या माझ्या दोन तिरक्या भिंती उभ्या केल्या आणि वर मोकळी फट ठेवली. शेजारचा ड्वेन कुंपणावरून बघत होता.

"यात कोंबड्या ठेवणार की बाबांना?"

"तुला ठेवीन. ओरडायचं काम तूच बरं करतोस," मार्लिस म्हणाली.

पहिल्या पहाटे ओर्विन माझ्या पोटात खुर्चीवर बसले. हंस आले, घिरट्या घालत खाली आले, आणि अचानक बिचकून वळले. असं तीनदा झालं. ओर्विननी काडतुसं काढून खिशात टाकली. "पुरे झालं. चल घरी. माझे दिवस संपले." मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी त्यांची बायको आर्डिस कॉफी ओतत होती. "काहीच नाही? आणि मी ती गोणपाटं शिवायच्या आधी इतकी छान धुतली होती. कसला घाण वास मारत होती! कपडे उजळवायची पावडर चांगली दोन मापं घातली."

मार्लिसनं कपाळावर हात मारला. ओर्विन मात्र खो खो हसू लागले. "आर्डिस, अगं, आपल्याला न दिसणारा उजेडही पक्ष्यांना दिसतो. त्या पावडरीनं हंसांना हा आडोसा नुसता चमकताना दिसत असेल. तू त्यांच्यासाठी दिवा लावून ठेवलास!"

दोन वर्षांत ते असे हसले नव्हते. काठी टेकत ते स्वतः पाणथळीवर गेले. काळा चिखल आणून तिघांनी मला लिंपला. आर्डिसबाईंनी तर धुण्याच्या दुप्पट जोरानं मला मळवलं. नंतर त्याच शेतातली धसकटं माझ्या जाळीत खोचली, आणि मी रानात दिसेनासा झालो. आयुष्यात इतका देखणा मी कधीच नव्हतो.

दुसऱ्या पहाटे सात हंस आले. एक घिरटी, दुसरी, आणि पाय खाली सोडून ते थेट आमच्या समोर उतरू लागले. मी श्वास रोखला. ओर्विन खुर्चीचा हात धरून उठले. दोन बार झाले, दोन हंस पडले.

"कसं काय, बाबा?" मार्लिसनं विचारलं.

"तसं वाईट नाही," ते म्हणाले. आमच्या भागात याहून मोठी शाबासकी कुणी देत नाही. पण त्यांचे डोळे ओले होते, आणि ते मी एकट्यानं पाहिलं.

त्याला नऊ हंगाम झाले. माझे पाइप गंजलेत, एका कोपऱ्यात उंदरांनी घर केलंय. ओर्विन ऐंशीच्या पुढे गेले, तरी दर शरदात मला नवा चिखल तेच लावतात. ड्वेन आता आपल्या सासऱ्यांसाठी माझं माप घेऊन गेलाय.

मित्रांनो, घरातलं म्हातारं माणूस "आता माझ्यानं होत नाही" म्हणालं, तर लगेच मान डोलावू नका. आधी अडगळीत जाऊन काय पडलंय ते बघा.