बशीत मेलेल्या पेशी

दादा शिंपी, आणि त्याची धाकटी बहीण प्रयोगशाळेत. घरात तिला ठमी म्हणत. पदव्या मिळाल्या म्हणून ठमीची काही मॅडम झाली नाही. द्राक्षाच्या बियांमधून अँटिऑक्सिडंट, म्हणजे पेशींना जपणारा अर्क, काढायचा आणि काचेच्या बशीत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशींवर सोडून बघायचा, हे तिचं काम. अंगातला पांढरा कोट दादानेच शिवलेला. खिसा मुद्दाम खोल, कारण ठमीची पेनं लहानपणापासून पडतात.

दादाच्या पोटात गाठ निघाली. केमो सुरू झाली आणि माणसाचं चिपाड झालं. केस गेले तेव्हा गिऱ्हाइकांना म्हणायचा, न्हाव्याची कटकट मिटली.

अशात एका संध्याकाळी ठमी नाचतच दुकानात आली. बशीतल्या पेशी मेल्या होत्या. दादाने मशीन थांबवलं.

"मग माझ्या?"

"तुझ्या काय सोन्याच्या आहेत? त्याही मरतील."

दादा हसला. आजारपणात पहिल्यांदाच पोटभर हसला. बशीला पोट नसतं, रक्त नसतं, गिळलेला अर्क गाठीपर्यंत पोचतो की नाही हे कुणालाच ठाऊक नाही, हे सगळं ठमीच्या जिभेवर आलं होतं. ते हसू बघून तिने गिळलं. खोटारड्याला निदान लोक शिव्या घालतात. अर्धं सांगणाऱ्याला हुशार म्हणतात, याचीच तर चीड येते.

दादाचा हिशेब शिंप्याचा. एका कापडावर दोन कात्र्या चालवल्या की कापड वाया जातं. त्याने एक खाली ठेवली, केमोची. दवाखान्यात जातो सांगून दुकानात बसायचा आणि विकतची द्राक्षबियांची पूड पाण्यात कालवून प्यायचा. केमो थांबली तशा उलट्या थांबल्या, भूक लागली, गाल भरले. घराला वाटलं, केमोचा गुण येतोय. ठमीलाही तेच वाटलं, आणि तिने काही विचारलं नाही.

दवाखान्यातून फोन आला तेव्हा वहिनीला कळलं. तिने आदळआपट केली नाही. पुडीचा डबा ठमीपुढे ठेवून म्हणाली, "तुमच्यावर विश्वास होता हो त्यांचा."

केमोने गाठ आकसली की ऑपरेशन करायचं ठरलेलं होतं. आता ती पसरली होती. डॉक्टर म्हणाले, कापण्यात अर्थ नाही.

मग ठमीने दादाला सगळं सांगितलं. ही पूड चांगल्या पेशींना जपते तशी केमो चालू असताना कदाचित रोगाच्या पेशींनाही जपेल, म्हणून डॉक्टरांना न विचारता घ्यायचीच नसते, हेसुद्धा.

दादा सुईत दोरा ओवत होता. "हे त्या दिवशी का नाही बोललीस?"

"तू हसत होतास."

"बाही लांडी कापली गेली तर गिऱ्हाईक हसतंय म्हणून गप्प बसायचं नसतं, ठमे." मग तिचा कोट ओढून घेतला. वरचं बटण सैल झालं होतं, ते पक्कं केलं.

दादा गेल्यावर काही महिन्यांनी प्रयोगशाळेत पाहुणे आले. मोठे साहेब पुढे उभे राहून सांगत होते, आमच्या अर्काने कॅन्सरच्या पेशी मरतात. पाहुण्यांमधली डोक्याला रुमाल बांधलेली एक बाई हसली. अगदी दादासारखी.

"बशीत," ठमी मागून म्हणाली.

साहेबांनी डोळे वटारले. ठमी उभी राहिली.

"बशीत मरतात. माणसाचं आम्हाला अजून माहीत नाही. बाई, तुमचे उपचार सोडू नका."

बाईचं हसू विझलं. ते बघत ठमी खाली बसली. खोल खिशातलं पेन पडलं नाही.