चौदा तारखेची काठी

“पेट्रोल संपलंय,” मुसीमी म्हणाला.

“कधी?”

“आत्ताच.”

“गेल्या महिन्यातही आत्ताच संपलं होतं.” किथोमेने मोटरसायकल अशी पुढे रेटली की तिचं चाक मुसीमीच्या बुटावर चढलं.

“बूट सोड.”

“पेट्रोल घाल, सोडतो.”

आमच्याकडे दर महिन्याच्या चौदा तारखेला संध्याकाळी सरकार तेलाचे नवे भाव सांगतं आणि मध्यरात्रीपासून ते लागू होतात. भाव चढणार अशी कुजबुज असली, की चौदाच्या दुपारी क्याथूमाच्या एकुलत्या एक पंपावरचं पेट्रोल आपोआप संपतं. पंधराच्या सकाळी, टँकर न येताच, ते आपोआप भरतं. शास्त्रज्ञांचं याकडे अजून लक्ष गेलेलं नाही. भाव उतरणार अशी कुजबुज असली तर चमत्कार उलट्या बाजूने होतो. पेट्रोल भरपूर असतं, पण गिऱ्हाइकं संपतात. अख्खा गाव दोन दिवस मोटरसायकली ढकलत फिरतो आणि पंपासमोरून जाताना मान दुसरीकडे वळवतो.

त्या महिन्यात कुजबुज होती सतरा शिलिंगांची, आणि चढण्याची.

मी पंपाच्या भिंतीच्या सावलीत बाकावर बसून चपाती आणि मुगाचं कालवण खात होतो. मला घाई नव्हती. माझ्या जुन्या पिकअपची टाकी सकाळी सातलाच भरली होती, तीही मुसीमीने स्वतः, ‘पेट्रोल नाही’ची पाटी लागायच्या आधी. एकतीस वर्षं मोंबासाहून टँकर आणलेल्या माणसाला म्हातारपणी एवढा मान मिळायला हरकत नसावी.

मुसीमी बावीस वर्षं त्या पंपावर होता. भाव ठरवणारी माणसं नैरोबीत बसत, तिथे कुणाचा हात पोचत नसे. मुसीमीपर्यंत पोचत असे. म्हणून शिडीवर चढून फलकावरचे आकडे बदलायला लागला, की खालून सगळा तिठा त्याला शिव्या देई. तोही वरून परत करी, व्याजासकट. किथोमेच्या मोटरसायकलला तो ‘सासरची म्हैस’ म्हणे, कारण दूध कमी आणि लाथा जास्त. महिन्यातून एकदा ही जुगलबंदी ऐकायला बायका बाजाराच्या टोपल्या खाली ठेवून थांबत.

आज मात्र तो उत्तर देत नव्हता. त्याचं कारण काचेच्या खोलीत बसलं होतं. पंपाच्या मालकीण कटुंबी मॅडमनी सकाळीच सांगितलं होतं, “मुसीमी, आज एक लिटर गेलं तर उद्या यायचं नाही.” मॅडम गंमत करत नाहीत. दुसरा पंप चव्वेचाळीस किलोमीटरवर, आणि तिथे चोपन्न वर्षांच्या माणसाला कुणी उभं करत नाही.

दुपारी बारापर्यंत तेरा मोटरसायकली आणि प्रवाशांनी भरलेली एक मटाटू जमली. मटाटूतली गिऱ्हाइकं उतरून भांडणात सामील झाली. तिकिटाच्या पैशांत तेवढीच भर.

“गाय गाभण राहिली की आटते,” किथोमे सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. “ह्यांची टाकी दर चौदाला आटते. उद्या सकाळी सतरा शिलिंगांचं वासरू घालणार.”

“मॅडमला बोलाव. ती सुईण आहे.”

“ह्याला विचारा ना. दोरी ह्याच्या हातात आहे.”

“हा काय बोलेल? ह्याची जीभसुद्धा मॅडमच्या गल्ल्यात ठेवलेली असते.”

मुसीमी नळाला कुलूप लावून त्याच्यासमोर उभा राहिला. किथोमेने खूण केली तशी पोरांनी मोटरसायकली आडव्या लावल्या. डिझेल भरायला एक ट्रक आत येऊ पाहत होता, तो रस्त्यावरच अडकून भोंगा वाजवायला लागला. कुणीतरी दगड उचलला. फेकला नाही, पण खालीही ठेवला नाही.

तेव्हा मॅडम बाहेर आल्या.

“रस्ता मोकळा करा.”

“पेट्रोल द्या, करतो.”

“जुलैत भाव उतरला तेव्हा माझ्याकडे जुन्या भावाचं सात हजार लिटर पडून होतं,” मॅडम म्हणाल्या. “तुमच्यातला एक तरी आला का, की मॅडम, तुमचं नुकसान नको, मी जुन्याच भावाने घेतो? तेव्हा माझ्यासमोरून गाड्या ढकलत नेल्यात. हसत नेल्यात.”

त्यावर आवाज आणखी वाढला.

“काठी टाका,” किथोमे म्हणाला. “आमच्यासमोर टाकीत काठी टाका. कोरडी निघाली तर आम्ही निघालो. ओली निघाली तर ही काच राहणार नाही.”

“टाकते की.”

“तुम्ही नको. मुसीमी टाकेल. तो सांगेल ते मानू.”

यावर अख्ख्या गर्दीने मान डोलावली. सकाळपासून ज्याच्या सात पिढ्यांचा उद्धार चालला होता, त्याच्या मापावर कुणाचाच संशय नव्हता. बावीस वर्षांत त्याने कुणाचा थेंब मारला नव्हता, हे शिव्या देणाऱ्यांनाच सगळ्यात चांगलं ठाऊक होतं.

मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं. “टाक,” त्या म्हणाल्या.

इथे धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. जमिनीतल्या टाकीत किती तेल आहे हे लोखंडी काठीवरच्या ओल्या खुणेवरून कळतं. पण पेट्रोल फार चंचल. आमच्या दुपारच्या उन्हात ते काठीवर थांबत नाही. बघता बघता उडतं. म्हणून काठी टाकायच्या आधी तिला खडू फासतात. खडूवर रेघ राहते. खडू नसेल आणि काठी सावकाश ओढली, त्यातून ओढताना हातात फडकं असेल, तर भरलेल्या टाकीतूनही कोरडी काठी निघते.

किथोमेला हे माहीत नव्हतं. तिथे हे तिघांना माहीत होतं. मॅडमना, मुसीमीला आणि मला.

मुसीमीने टाकीचं झाकण उघडलं. काठी आणली. मग त्याचा हात छातीवरच्या खिशाकडे गेला. खडू तिथेच असे. हात खिशात गेला आणि तिथेच राहिला. त्याने मॅडमकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. मी चपातीचा तुकडा मोडला.

हात बाहेर आला तेव्हा त्यात फडकं होतं.

काठी खाली गेली. वर यायला तिने बराच वेळ घेतला. मुसीमी वीत वीत ओढत होता, फडकं काठीभोवती, मान खाली. काठी पूर्ण बाहेर आली तेव्हा टोकाची चार बोटं ओली होती.

“एवढंच आहे,” तो म्हणाला. “गाळाचं. हे पंप ओढत नाही.”

“वास तर भरलेल्या टाकीचा येतोय,” मागून कुणी म्हणालं.

“रिकाम्या बाटलीलाही येतो.”

किथोमे काठीकडे बघत राहिला, मग माझ्याकडे वळला. “काका, तुमचा जन्म टँकरवर गेला. तुम्ही सांगा.”

“काठी कोरडी आहे,” मी म्हणालो. “मला इथून दिसतेय.”

यातला एकही शब्द खोटा नव्हता. मी ती काळजी घेतली होती.

दगड खाली पडला. मोटरसायकली सरळ झाल्या. जाता जाता किथोमे थांबला, वाकला आणि मुसीमीच्या बुटावरचा चाकाचा डाग त्याने आपल्या बाहीने पुसला. “चुकलं,” म्हणाला. मुसीमीने पाय मागे घेतला, पण तोवर पुसून झालं होतं.

संध्याकाळी रेडिओवर भाव सांगितला. सतरा नाही, दोन शिलिंगांनी चढला होता.

पंधराला सकाळी सहाला पंप सुरू झाला. पेट्रोल होतं. मोटरसायकलवर भाडं नेणाऱ्या किथोमेसारख्या बोडाबोडावाल्यांचा अड्डा रस्त्याच्या पलीकडेच, आणि टँकर काही मांजराच्या पावलांनी येत नाही. कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

मी मुद्दाम लवकर जाऊन बसलो होतो. आजच्या शिव्या वर्षभर पुरतील असा माझा अंदाज होता. मुसीमीनेही तयारी केली असावी. शिडीवर आकडे बदलताना तो सारखा खाली बघत होता. खाली कुणी थांबलं नाही.

किथोमे आला. त्याने हेल्मेट काढलं. “नमस्कार, साहेब. तीनशेचं द्या.”

“म्हैस आज मुकी का?” मुसीमी म्हणाला.

“नाही, साहेब. तीनशेचं.”

पेट्रोल सोडण्याआधी पंपावरच्या माणसाने ‘शून्य बघा’ म्हणायचं, असा सगळीकडे नियम आहे. मुसीमीही म्हणत असे, देवळात घंटा वाजवावी तसं. त्याच्याकडे कधी कुणी शून्य बघितलं नव्हतं. किथोमे मोटरसायकलवरून उतरला, आकड्यांसमोर वाकला, नीट बघितलं आणि म्हणाला, “ठीक आहे, साहेब.” त्याच्या मागच्याने तेच केलं. त्याच्या मागच्यानेही. कुणाचा आवाज चढला नाही. इतकी सभ्य रांग मी क्याथूमात पाहिली नव्हती.

आठवड्याने माझी टाकी उतरली.

“शून्य बघा,” मुसीमी म्हणाला.

“घाल रे,” मी गाडीतूनच म्हणालो.

त्याने नळी टाकीच्या तोंडाशी धरली, पण दाबली नाही. मागे दोन गाड्या येऊन थांबल्या.

“बघा,” तो म्हणाला.

मी दार उघडलं, उतरलो, गुडघ्यांवर हात टेकून वाकलो आणि बघितलं. शून्यच होतं.