नाव कोणाचं?

रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं, गल्लोगल्ली सायबर कॅफे निघाले, पण संगणक काही रायपूरच्या मराठीला जुमानेना. ‘मले’ लिहा, खाली लाल रेघ. ‘काहून’ लिहा, पुन्हा लाल. ब्राह्मणपाऱ्यातल्या अनिमेषचं डोकं फिरलं. त्यानं आपल्या बोलीचा शब्दतपासनीस करायला घेतला. कोणीही फुकट वापरावा, कोणीही भर घालावी असा. भर घालणारे मात्र दोघंच, तो आणि सिलतऱ्याच्या कारखान्यात नोकरी करणारा प्रशिक.

दोघांनी एकाच फाइलला हात लावला की एकाचं काम पुसलं जाई. कोणी काय बदललं हे जपून ठेवणारी व्यवस्था हवी होती. अनिमेषनं सबव्हर्जन निवडलं. सगळं एका सर्व्हरवर, शिकायला सोपं. प्रशिकच्या घरी संगणक होता, पण इंटरनेट नव्हतं.

“पेनड्राइव्ह देत जा, मी चढवतो. चालते ना?” अनिमेषनं त्याला फोनवर विचारलं.

“हव, हव,” प्रशिक म्हणाला. अनिमेषच्या लेखी तो होकार होता, विषय संपला.

पुढं प्रशिक पेनड्राइव्ह घेऊन येईनासाच झाला. शेवटी अनिमेष स्कूटर काढून त्याच्या घरी थडकला.

“काहून येऊन नाही राहिला? तू तर हव म्हनला होता!”

“हव म्हंजे ऐकून राहिलो, भैया. मंजूर कुठी केलं?” प्रशिक खाली बघत म्हणाला. “आईले कॅफेत नेलं होतं, माहं काम दाखवाले. तिनं विचारलं, ‘तुहं नाव कुठी आहे?’ सगळीकडं तुमचंच नाव.”

चढवणारा अनिमेष, म्हणून प्रत्येक नोंदीत नाव अनिमेषचं. त्याच्या मनात पाप नव्हतं, पण ध्यानातही आलं नव्हतं, आणि याचीच त्याला जास्त लाज वाटली.

पुढच्या रविवारी तो गिट नावाची दुसरी व्यवस्था घेऊन आला. शिकताना त्याला घाम फुटला होता. पण यात इंटरनेटशिवाय घरीच नोंद होई, ज्याची त्याच्या नावानं. गिटनं आधी नावच विचारलं. प्रशिकनं बापाच्या नावासकट पूर्ण टाइप केलं. त्याच्या आईनं, मायाबाईंनी, एकेक अक्षर लावून ते वाचलं.

“हे कोनी पुसलं तं?”

“माह्याकडं जेवढं आहे, तेवढं सगळं आता तुमच्या घरीबी आहे, मावशी.”

“अन् आधीचे शब्द?”

अनिमेषनं खुर्ची ओढली. “त्यायलेबी याचंच नाव लावतो. सांग प्रशिक, तुहा पहिला शब्द कोनता?”

प्रशिक आईकडं बघून हसला.

“‘माहं’.”