डाव्या बाजूचं बेअरिंग

तिसऱ्यांदा धूर निघाला तेव्हा नितेश घाडीने मशीनला सणसणीत शिवी हासडली, आणि तीही गिऱ्हाइकासमोर.

गिऱ्हाईक म्हणजे अंधेरीच्या शर्मिष्ठाबाई. त्यांचा जुना बंगला पाडायला काढला होता आणि त्यातल्या सागवानी तुळया चिरून त्यांना जेवणाचं मोठं टेबल हवं होतं. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधला नितेशचा गाळा बघायला त्या मुद्दाम आल्या होत्या. नितेशनेही जरा भाव खायचा म्हणून "बघा आता, फळीचा कसा आरसा होतो" असं म्हणत फळी रंधा मशीनवर सरकवली. अर्धी फळी जाते न जाते तोच जळक्या तेलाचा वास, मग कानठळ्या बसवणारी किंचाळी, मग डाव्या बाजूने निळा धूर. बाईंनी ओढणी नाकाला लावली. नितेशने मोटर बंद केली आणि मग ती शिवी.

"असं नेहमी होतं का?" बाईंनी विचारलं.

नेहमी! तो शब्द नितेशच्या डोक्यातच गेला. कोपऱ्यात स्टुलावर त्याचे बाबा बसले होते. गुणाजी घाडी, वय पंचाहत्तर, एका डोळ्यात मोतीबिंदू. त्यांनी मान वर करून विचारलं, "डावी काय रे?"

"डावीच! तिन्ही वेळा डावीच!" नितेश बाईंकडे वळला आणि जे बोलायला नको होतं ते बोलून बसला. "मशीन झकास आहे हो. पण बेअरिंग आमचे बाबा बनवतात. आता वय झालं, हात गेला त्यांचा. मी दुसरा माणूस बघतो."

बाई अवघडल्या.  बाबा उठले, चपला पायात सरकवल्या आणि एकटेच घरी चालत गेले. गाळ्यापासून घर दहा मिनिटांवर, पण एरवी ते नितेशचा हात धरून रस्ता ओलांडायचे.

आता ह्या मशीनचं सांगायलाच हवं, नाहीतर माणूस लोखंडापायी बापाला असं का बोलेल ते कळायचं नाही. मशीन विलायती, बिडाची, ऐंशी-नव्वद वर्षांची. चार माणसं लागली तरी जागची हलत नाही. एवढ्या रुंद फळीला एका दमात रंधा मारणारी दुसरी मशीन अख्ख्या इस्टेटीत नाही. बाबा ज्या मिलच्या सुतारखात्यात बावीस वर्षं होते तिथलीच ही. मिल बंद पडली, मशीन भंगारात गेली आणि इतक्या वर्षांनी कुर्ल्याच्या एका भंगाराच्या गोदामात नितेशला गंजलेली सापडली. टेम्पोतून उतरवल्यावर बाबांनी टेबलाचा कोपरा हाताने चाचपला आणि तिथला टवका सापडल्यावर म्हणाले, "हा माझाच. हातोडा पडलेला, एकोणऐंशी साली." म्हाताऱ्याच्या डोळ्यात पाणी आलं होतं. मोतीबिंदूमुळे येतं, असं ते म्हणाले.

आठ महिने बापलेक तिच्या मागे लागले होते. गंज घासला, पाती धार लावून आणली, मोटर नवी बसवली. प्रश्न होता बेअरिंगचा. हल्लीच्या मशिनीत बाजारातून बेअरिंग आणायचं आणि ठोकायचं. हिच्यात तसं नाही. कटरचा दांडा ज्याच्यात फिरतो ती जागा व्हाइट मेटल नावाचा मऊ धातू वितळवून, जागच्या जागी ओतून बनवायची. दांड्याला काजळी धरायची, कडा मातीने लिंपायच्या, पळीत धातू वितळवायचा आणि एका दमात ओतायचा. ओतताना हात थांबला तर धातूत सांधा पडतो आणि सगळं फुकट. हे येणारी माणसं मुंबईत किती उरलीत देव जाणे. नितेशच्या माहितीत एकच होता, आणि तो घरी सोफ्यावर बसून मालिका बघायचा.

बाबांनी माळ्यावरून आपली मिलमधली लांब दांड्याची पळी काढली आणि दोन्ही बेअरिंगं ओतली. ओतायच्या आधी मात्र नितेशला म्हणाले, "जा, चहा घेऊन ये." तो चहा घेऊन आला तेव्हा काम झालेलं. दर वेळी तसंच. नितेशला वाटलं, म्हातारा आपली विद्या लपवतोय. असतात जुने कारागीर असे.

खंडेनवमीला मशीन सुरू केली. झेंडूचं तोरण, नारळ, पेढे, सगळं यथासांग. त्या दिवसापासून नितेशने नेमच धरला. सकाळी गाळा उघडला की आधी उदबत्ती, मग मशीनच्या दोन्ही खांद्यांवर, जिथे बेअरिंगाच्या टोप्या आहेत तिथे, हळद-कुंकू आणि अक्षता, मगच बटण. नऊ दिवस मशीन लोण्यासारखी चालली. दहाव्या दिवशी डावं बेअरिंग जळालं.

"तेल किती पिते रोज?" बाबांनी विचारलं होतं.

"तेलाचं बघतो मी. तुम्ही ओतायचं बघा," नितेश म्हणाला होता.

बाबांनी परत ओतलं. मधे आई, रत्नप्रभाबाई, म्हणाली की देवाचं काही राहिलं असेल. नितेशने घाबरून चिमूटभराच्या जागी मूठभर अक्षता वाहायला सुरुवात केली. चार दिवसांत परत जळालं. परत ओतलं. शर्मिष्ठाबाई येणार त्या दिवशी तर त्याने दोन्ही खांदे नुसते पिवळे करून टाकले, आणि मशीनने बाईंच्या देखत वाट लावली.

"नवीन घे ना यार," बाजूच्या गाळ्यातला निलेश म्हणाला. निलेशचं फॅब्रिकेशनचं काम. त्याला जुनं म्हणजे भंगार एवढंच माहीत. "किती दिवस ह्या म्हातारीची सेवा करणार?"

"तू गप रे!" नितेश खेकसला.

पण खेकसून बेअरिंग होत नाही. दुसरा माणूस बघतो म्हणाला खरा, पण बघतो कुठे? भांडुपला एक ओतारी होता, तो वारला होता. मुलुंडला एकाने फोनवर "व्हाइट मेटल म्हणजे पेंट का?" असं विचारलं. घाटकोपरच्या एकाने मशीनचा फोटो मागवला आणि खाली हात जोडलेलं चित्र पाठवलं. आठवडा गेला. शर्मिष्ठाबाईंचे दोन मेसेज आले, दोन्ही अतिशय सभ्य, त्यामुळे जास्तच झोंबणारे. घरी बाबा जेवायचे, मालिका बघायचे, झोपायचे. गाळ्याचं नाव काढत नव्हते. नितेशने एकदा "येताय का?" म्हणून पाहिलं, तर म्हणाले, "माझं काय काम तिथे?"

बुधवारी दुपारी वैतागून नितेशने डावी टोपी स्वतःच उघडली. म्हटलं, बघू तरी म्हाताऱ्याने कुठे सांधा सोडलाय. आधीच्या दोन्ही वेळी जुना धातू वितळवून काढताना टोपीसकट सगळं तापायचं आणि आत जे काही असेल त्याचा कोळसा व्हायचा. ह्या वेळी त्याने टोपी थंडच पालथी घातली, बॅटरी मारली. वरच्या बाजूने धातू चिरडलेला होता, पण सांधा कुठेच नव्हता. एकसंध. त्याने भिंग लावून बघितलं, नख फिरवून बघितलं. नव्हता म्हणजे नव्हताच!

मग त्याने वरच्या वाटीतून तेल आत उतरतं त्या भोकात तार घातली. तार अर्ध्यातच अडली. जोर लावला तसा आतून एक पिवळा गोळा बाहेर आला आणि बाकावर पडला.

"काय आहे? पुलाव?" निलेश वाकून बघत म्हणाला.

तांदूळ होते. तेलात भिजलेले, हळदीकुंकवात मळलेले, भोकात बूच मारल्यासारखे घट्ट बसलेले. उजव्या टोपीवरच्या तेलाच्या पितळी वाटीला झाकण होतं. डाव्या वाटीचं झाकण भंगारातच हरवलेलं. रोज सकाळी नितेश स्वतःच्या हाताने, डोळे मिटून, त्या उघड्या वाटीत अक्षता टाकत होता. आणि वाटी रोज काठोकाठ भरलेली दिसायची, तर हा गाढव खूश! तेल खाली जातच नव्हतं म्हणून भरलेली दिसायची. बाबांनी पहिल्याच वेळी विचारलं होतं, किती पिते.

 स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली नितेशला. निलेश हसायला लागला होता, पण नितेशचं तोंड बघून आपल्या गाळ्याकडे वळला.

घरी बाबा खिडकीत बसले होते. नितेशने तांदळाचा गोळा कागदात बांधून आणला होता. तो त्याने त्यांच्या तळहातावर ठेवला. बाबांनी बोटांनी चुरून बघितला, वास घेतला.

"अक्षता?"

"डाव्या वाटीत, बाबा. मीच टाकत होतो. तुमचं ओतकाम एक नंबर होतं. चुकलो मी. उद्या चला गाळ्यावर, परत ओतू."

बाबांनी तो पिवळा चुरा परत कागदात बांधला. "मिलमध्ये आम्हीपण पूजा करायचो," ते म्हणाले. "फ्रेमला कुंकू लावायचो, नारळ बाहेर फोडायचो. देव काय बेअरिंगात बसतो?" मग म्हणाले, "पण ओतणार कशाने? पळी दिली मी."

"कोणाला दिली?"

"रद्दीवाल्याला. सोमवारी पेपरांबरोबर. तू म्हणालास हात गेला. हातच गेला तर पळी कशाला ठेवू?"

नितेश तसाच धावत रद्दीच्या दुकानात गेला. लोखंडाचा माल मंगळवारच्या टेम्पोने कुर्ल्याला गेला होता. पन्नास वर्षांची पळी! दुकानदाराने खांदे उडवले. नितेश परत आला तेव्हा त्याला रडावं की ओरडावं तेच कळेना, म्हणून तो बापावर ओरडला. "एकदा विचारायचं तरी!"

"तू विचारलं होतंस?" बाबा म्हणाले.

 स्वयंपाकघरातून आई बाहेर आली. तिच्या हातात फोडणीची पळी होती, लोखंडी, काळी, जड, तिच्या लग्नातली. तिने ती टीपॉयवर आपटली.

"एकदा तुमचा ता धातू हेच्यात वितळवलात काय परत माझ्या डाळीत ही पळी येवची नाय," ती म्हणाली. "घेवा. आणि दोघांनीय तोंडां बंद करा."

दुसऱ्या दिवशी सकाळी बापलेक गाळ्यावर गेले. दांड्याला काजळी धरली, कडा लिंपल्या, वाटीच्या तोंडाला नितेशने पत्र्याचं झाकण ठोकून बसवलं. फोडणीच्या पळीला निलेशने लांब सळीचा दांडा जोडून दिला. भट्टीवर धातू पाण्यासारखा हलायला लागला. बाबांनी कागदाचा तुकडा बुडवून काढला, तो तपकिरी झाला, म्हणजे ताप बरोबर लागला होता.

"घ्या, बाबा, सुरू करा," नितेश म्हणाला.

बाबांनी उजवा हात पुढे केला. पळी न धरता, नुसताच, सगळ्यांना दिसेल असा. तो हात सरळसरळ थरथरत होता, मनगटापासून बोटांपर्यंत.

"बघ. गेलाय," ते म्हणाले. "वरीस झाला. तिन्ही वेळा दोन्ही हातांनी पळी धरली, कोपर छातीला दाबून. तुला दिसू नये म्हणून चहाला पाठवायचो." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "पण सांधा नव्हता ना?"

"नव्हता, बाबा. भिंग लावून बघितलं, कुठेच नव्हता."

"बरं तर. आता तू धर. मी सांगतो तेव्हा ओत, आणि थांबू नको."

नितेशने दांडा धरला. एवढ्याशा पळीचं वजन हाताला कळलं आणि त्याने दोन्ही पाय घट्ट रोवले. बाबा त्याच्या कोपराला आपला थरथरता हात लावून अगदी जवळ उभे राहिले. ह्या वेळी त्यांनी कोणालाच चहाला पाठवलं नाही.