इशेनबायच्या नावाचं तेल

गावाने शिव्या दिल्या असत्या तर इशेनबायला बरं वाटलं असतं. शिवीला उत्तर देता येतं, आणि तीस वर्षं राजकारणात काढलेल्या माणसाकडे उत्तरांचा तोटा नसतो. पण आमच्या चोंग-बुलाकने त्याला शिवी दिली नाही, दगड मारला नाही, त्याच्या मिनीबसच्या काचेवर साधा चराही ओढला नाही. गावाने फक्त तेल तापवलं.

त्याच्या आधी राजधानीतून फोन आला होता. इशेनबाय हा जायलू पार्टीचा तालुक्याचा अध्यक्ष. फोनवर चिटणीस होता, सामात नावाचा, ज्याने उभ्या जन्मात मेंढी धरली नसेल. सामात म्हणाला की आपल्या उमेदवाराने माघार घेतली आहे, वरच्यांचं ठरलंय, आपण बुर्कुत पार्टीच्या मेदेरला पाठिंबा द्यायचा, सगळ्या तालुक्यांत सभा घेऊन तसं जाहीर करायचं. उंटावर बसून शेळ्या हाकणाऱ्यांना काय, एका गावची शेळी दुसऱ्या गावच्या वाड्यात घातली की झालं. इशेनबायने कसाबसा बेक्तूरचा विषय काढला. सामात म्हणाला, "बाइके, दादा, अकरा वर्षं झाली त्याला. आता देशाकडे बघा."

अकरा वर्षांपूर्वी बुर्कुतवाले सत्तेवर होते आणि मेदेर त्यांचा गृहखात्यातला माणूस होता. राजधानीत सरकारवाड्यासमोरच्या चौकात लोक निषेधाला जमले, तेव्हा इशेनबायने आपल्या मिनीबसमधून गावातली बारा पोरं नेली होती. परत आणली अकरा. बारावा बेक्तूर, तोकोनचा मुलगा, तेवीस वर्षांचा, त्याला दुसऱ्या दिवशी एका ट्रकमधून आणलं. गोळीचा हुकूम कोणी दिला ते कधी सिद्ध झालं नाही. पण मेदेर टीव्हीवर म्हणाला होता की त्या पोरांनी आपसातच गोळ्या झाडल्या, आणि ते वाक्य गावात लहान मुलांनाही पाठ आहे.

तोकोन हा इशेनबायचा कुर्दाश, म्हणजे एकाच वर्षी जन्मलेला. आमच्याकडे कुर्दाशाला काहीही बोलायची मुभा असते. तो भर लग्नात तुमच्या टकलावर विनोद करील आणि तुम्ही हसायचं असतं. मुलाला पुरल्यावरही तोकोनने ही मुभा सोडली नव्हती. दर निवडणुकीला तो इशेनबायला म्हणायचा, "ए घोडेचोरा, मत तुलाच देतो, कारण तुझ्या पार्टीत तुझ्याहून मोठा चोर आहे आणि तो तुला सांभाळतो." या एका टोमण्यात इशेनबायला किती माफी मिळत होती, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

सभा शाळेच्या हॉलमध्ये झाली. मेदेर स्वतः आला, पांढरी टोपी घालून, हसऱ्या चेहऱ्याने. इशेनबायने कागद वाचला. त्याने मान वर केली नाही, आवाज सपाट ठेवला, हे आपलं नाही हे लोकांना कळावं म्हणून. आणि लोकांना ते कळलंही. मागे कोणीतरी खाकरलं, कोणी पाय घासले, पण एवढ्यावर गावाने त्याला सोडून दिलं असतं. पार्टीचा हुकूम, म्हाताऱ्याने वाचला, झालं.

मग मेदेर निघायला उठला. निघणाऱ्या पाहुण्याला मंचावरच्या सगळ्यांत वडील माणसाने दुवा द्यायची असते, आणि इशेनबायने आयुष्यात एकही पाहुणा दुव्याशिवाय सोडलेला नव्हता. त्याचे तळहात आपोआप उघडले. तोंड आपोआप चालू झालं. "वाट मोकळी मिळो, घोड्याला ठेच न लागो, तुझा शत्रू खाली राहो, तू वर राहा." शेवटचे शब्द बाहेर पडले तेव्हा त्याला दिसलं, शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या बाकावर बेक्तूर बसला होता. निळं जाकीट, हात गुडघ्यांवर. तो रागावलेला नव्हता. मिनीबस कधी सुटणार म्हणून वाट बघणाऱ्या माणसाची बसायची रीत असते, तसा बसला होता.

मेदेरने आमीन म्हणून चेहऱ्यावरून हात फिरवले. हॉलमधल्या अडीचशे माणसांपैकी कोणाचेही हात वर गेले नाहीत. दुसऱ्या रांगेतल्या तोकोनने आपले तळहात एकदा पाहिले आणि खिशात घातले.

कागद फाडता येतो, सही नाकारता येते. पूर्वजांना साक्ष ठेवून, तळहात उघडून दिलेली दुवा मात्र परत घ्यायची सोय आमच्या कोणत्याच रीतीत नाही. तीस वर्षं मुरलेला राजकारणी सवयीने फसला. त्याने हात दाखवून अवलक्षण केलं, आणि अवलक्षण असं की त्याला स्वतःलाही त्याची माफी मागावीशी वाटेना, कारण मागायची कोणत्या तोंडाने?

पाचव्या दिवशी गुरुवार होता. गुरुवारी आमच्या बायका मेलेल्यांसाठी वास काढतात. कढईत तेल तापवायचं, कणकेचे चौकोनी तुकडे तळायचे, त्याचा वास आत्म्यांपर्यंत पोचतो आणि त्यांना कळतं की घर आपल्याला विसरलेलं नाही. एरवी गुरुवारी चार-पाच घरांतून वास येतो. त्या दुपारी इशेनबाय तालुक्याहून परतला, तर गावाच्या वेशीपासून वास सुरू झाला. प्रत्येक घराच्या धुराड्यातून धूर. प्रत्येक अंगणात कढई. बायकांनी मान वर करून पाहिलं नाही. मिनीबस हळू चालवत तो तोकोनच्या भिंतीपाशी आला, तेव्हा आतून कुराण वाचल्याचा आवाज येत होता. वाचन संपलं आणि मुल्लाने पुण्य कोणाला पोचवायचं ते सांगितलं. "शेरालीचा मुलगा इशेनबाय, याच्या आत्म्याला पोचो."

त्याने आरशात पाहिलं. मागच्या सीटवर बेक्तूर होता. इशेनबायने आरसा वर फिरवला आणि छताकडे बघत घरापर्यंत गाडी नेली.

घरात त्याची आई उमसुनाय अंथरुणाला खिळलेली होती. वय ब्याण्णव, डोळे गेलेले. ती उशीवर मान उचलून हवा हुंगत होती.

"कोण गेलं रे?"

"कोणी नाही, अपा."

"डोळ्यांनी आंधळी आहे मी, नाकाने नाही. अख्खं गाव तळतंय. बेक्तूर गेला तेव्हाच काय ते असं तळलं होतं. मला धक्का बसेल म्हणून लपवतोस होय?"

इशेनबायने तिची उशी सारखी केली. सभा, मेदेर, दुवा, यातलं काहीच तिला सांगितलेलं नव्हतं.

"बरं, नाव नको सांगूस. म्हातारा होता की तरणा?"

"माझ्या वयाचा."

"अरेरे. आई आहे का त्याची?"

"आहे."

"मग तिला धीर मिळो," म्हातारी म्हणाली आणि तळहात तिने छातीवर उघडले. "चांगल्या जागी पोचो बिचारा. माती त्याला हलकी होवो. त्याच्या चुका त्याच्याबरोबर जावोत, मागच्यांना न लागोत." ती थांबली. "आमीन म्हण की, माझ्या शिंगरा."

इशेनबायने आमीन म्हटलं आणि चेहऱ्यावरून हात फिरवले. दारात उभी असलेली त्याची बायको झूराकान तोंडाला डोक्यावरचा रुमाल लावून अंगणात निघून गेली. असं भय त्याला चौकातल्या गोळ्यांचंही वाटलं नव्हतं.

त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. आई हिवाळा काढणार नाही हे डॉक्टरने सांगून ठेवलं होतं. आमच्याकडे आपल्या माणसाची कबर आपण खणत नाही, ती गाव खणतं. शोकाचा तंबू गाव उभारतं, आत गावच्या बायका रडतात. मुलाने बाहेर काठी टेकून उभं राहायचं आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या गळ्यात पडायचं. गावच आलं नाही तर? ब्याण्णव वर्षांत जिने या गावातली निम्मी पोरं स्वतःच्या हातांवर जन्माला आणली, ती सुईण वाळीत टाकलेल्या पोरामुळे चोरासारखी मातीत जाणार? निवडणूक, मेदेर, पार्टी, सगळं गेलं खड्ड्यात. त्याला एवढंच हवं होतं की आईला माणसं मिळावीत.

म्हणून तो तोकोनकडे गेला. तोकोन अंगणात घोडीच्या खुरातली माती काढत होता. इशेनबायने सांगितलं की मला काय वाटेल ते कर, पण आईच्या वेळेला ये, लोकांना आण. तोकोन खूर खाली सोडून उठला, त्याच्या अगदी जवळून गेला, आणि बायकोला हाक मारून म्हणाला, "फाटक उघडं राहिलंय गं. वारा आत येतोय." मग त्याने फाटक लावायला हात पुढे केला आणि ते धरून थांबला, इशेनबाय बाहेर पडेपर्यंत. बाहेर पडल्यावरच लावलं. इशेनबाय त्या थांबण्याचा अर्थ लावत महिनाभर राहिला.

मतदान झालं. मतदानाच्या खोलीत इशेनबायने शिक्का उचलला, मेदेरच्या चौकोनावर धरला, आणि शेवटी कागदाच्या तळाच्या चौकोनात, सगळ्यांच्या विरोधात, मारला. हे त्याने बायकोलाही सांगितलं नाही, आणि सांगून उपयोग काय? सहाशे बारा मतांत मेदेरला नऊ पडली. जायलू पार्टीचे बालेकिल्ले म्हणून जी खोरी ओळखली जायची, तिथे सगळीकडे हेच झालं. तरी मेदेर शहरांच्या जोरावर निवडून आला आणि सामातला मंत्रालयात खुर्ची मिळाली. सामातने फोन करून विचारलं की तुमच्या गावात नेमकं काय बिनसलं. इशेनबाय म्हणाला, "काही नाही. एक माणूस गेला."

पहिल्या बर्फात उमसुनाय गेली, पहाटे, कोणाला त्रास न देता. इशेनबायने रीतीप्रमाणे दारात उभं राहून हंबरडा फोडला, गावाला कळावं म्हणून. गल्ली रिकामी होती. त्याने आणि झूराकानने तंबूच्या लाकडी जाळ्या ओढून बाहेर काढल्या, पण दोन माणसांनी तंबू उभा राहत नाही. एक जाळी धरावी तर दुसरी पडते. तिसऱ्यांदा जाळी पडली तेव्हा तो तिच्याशेजारी बर्फातच बसला.

मग ते आले. सगळे आले. तोकोन पुढे होता, खांद्यावर पहार आणि फावडं. कोणी जाळ्या उचलल्या, कोणी तंबूवर घालायचे लोकरीचे नमदे आणले, कोणी जेवणासाठी घोडी कापायला नेली. तासाभरात तंबू उभा राहिला आणि आतून बायकांचा शोक सुरू झाला. उमसुनायच्या हातांवर जन्मलेल्यांची नावं त्या एकेक करून गात होत्या, आणि त्यात बेक्तूरचंही नाव आलं. इशेनबाय काठी टेकून दाराशी उभा राहिला. माणसं रडत यायची, त्याच्याकडे न बघता पुढे जायची, आणि त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या चुलत पुतण्याच्या गळ्यात पडायची. त्याचे पसरलेले हात दर वेळी रिकामेच मिटले. तरी त्याला वाईट वाटत नव्हतं. आईला माणसं मिळाली होती. एवढंच तर मागितलं होतं.

तिसऱ्या दिवशी पुरुष जनाज्याच्या नमाजाला रांगेत उभे राहिले. तिरडी पुढे होती. मुल्लाने वळून नेहमीचा प्रश्न विचारला, जो मातीआड जाणाऱ्या प्रत्येकासाठी गावाला विचारतात आणि ज्याचं उत्तर देवाच्या दारी साक्ष म्हणून धरलं जातं. "कसं माणूस होतं?"

"चांगलं माणूस होतं," तीनशे गळे म्हणाले.

मुल्लाने हात उचलले, तेवढ्यात तोकोन रांगेतून पुढे आला. रडून त्याचे डोळे सुजले होते. त्याने टोपी काढून छातीशी धरली, तिरडीकडे पाहिलं, आणि मग दोन महिन्यांत पहिल्यांदा सरळ इशेनबायच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"आणि हिचा मुलगा इशेनबाय?" तो गावाला म्हणाला. "तो कसा माणूस होता?"

कोणी हसलं नाही. कोणी खोटं बोललं नाही. बर्फात उभ्या असलेल्या त्या माणसांनी आपापल्या लग्नात त्याने दिलेल्या दुव्याची, त्याच्याबरोबरच्या शाळेची, त्या मिनीबसची आठवण काढली असावी, कारण उत्तर यायला थोडा वेळ लागला, आणि आलं तेव्हा पुष्कळांचा आवाज फुटला होता.

"चांगला माणूस होता."

इशेनबाय त्यांच्याबरोबरच रांगेत उभा होता. त्याचेही तळहात वर गेले, चेहऱ्यावरून फिरले, आणि आमीन तोही म्हणाला.